कोठावळ्यांची कॉन्टेसा

दिवाकर गुरुजींकडे नवा माणूस आला की ते आधी त्याचं गाव विचारत, मग आडनाव, आणि तिसरा प्रश्न विचारायच्या आत वही उघडलेली असे. रामकुंडाजवळ त्यांच्या घराण्याची पाच पिढ्यांची यजमानकी. कोणाचे पणजोबा कोणत्या साली कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, ते त्या लांबट, लाल कापडात बांधलेल्या वह्यांमध्ये यजमानांच्याच अक्षरात लिहिलेलं. गुरुजी बोट फिरवत, नाव सापडे, समोरचा माणूस गहिवरे. गहिवरलेला माणूस दक्षिणेला हात आखडता घेत नाही हे गुरुजींना ठाऊक होतं. पण त्यात लबाडी नव्हती. नावं खरीच असत.

गाडी मिळाली तेव्हा तिचंही कुळ काढायला ते बसले, यात नवल नाही.

गाडी म्हणजे कॉन्टेसा, अठ्ठ्याऐंशी सालची. तीन वर्षांपूर्वी इंदूरचे जीवनराव कोठावळे गेले आणि त्यांची एकुलती मुलगी यशश्री सगळं करायला नाशिकला आली. शय्यादानात गादी, छत्री, जोडे देतात, आणि गेलेल्याला जे प्रिय होतं तेही देतात. बहुतेकांना चांदीची डबी नाहीतर ट्रान्झिस्टर प्रिय असतो. "बाबांना गाडी प्रिय होती," असं म्हणून यशश्रीने किल्ली गुरुजींच्या ओंजळीत ठेवली आणि वरून पाणी सोडलं. गुरुजींची आजवरची मजल स्कूटरपर्यंत. ओल्या हातात ओली किल्ली घेऊन ते थोडा वेळ तसेच बसून राहिले.

वर्षभर गाडी ताडपत्रीखाली होती. मग गुरुजींना ध्यास लागला तो मूळ रूपाचा. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी पांढरी होती, हे त्यांनी शोधून काढलं. जीवनरावांनी तिला हिरवी केली होती, पुढे ट्रकचा भोंगा बसवला होता आणि मागच्या डाव्या सीटच्या वर छतालाच भोक पाडलं होतं. चांगलं हात-दीड हाताचं, कडेने रबर, वर पत्र्याचं झाकण. गुरुजींनी गाडीच्या पुस्तिकेची झेरॉक्स मिळवली आणि देवघराच्या कपाटात पोथ्यांशेजारी ठेवली. मालेगावच्या जुन्या बाजारातून डॅशबोर्डचं घड्याळ आणलं. ते बंद होतं, पण मूळचं होतं.

मुलगा मयुरेश अंबडच्या कंपनीत नोकरीला. त्याची दृष्टी वेगळी.

"बाबा, ही भारताची मसल कार आहे. हिला तुम्ही सोवळं नेसवताय."

"मग तू काय नेसवणार?"

मयुरेशची यादी तयार होती. मॅट काळा रंग, रुंद टायर, अलॉयची चाकं, खाली बसवलेलं सस्पेन्शन आणि असा सायलेन्सर, की गंगापूर रोडला गाडी चालू केली तर पंचवटीत कळावं.

बापलेकाचं यावर दीड वर्ष चाललं. गुरुजींच्या पत्नी इंदिराबाईंनी दोघांच्याही बाजू ऐकल्या आणि स्वतःचं मत असं बनवलं, की गाडी अंगणातून हलली तर कपडे वाळत घालायला जागा होईल. शेवटी शर्त ठरली. जानेवारीत शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे दोन रांगा: एक मूळ स्वरूपातल्या गाड्यांची, दुसरी बदललेल्यांची.

"मूळच्या रांगेत घेतली, तर ती कायमची पांढरी," गुरुजी म्हणाले. "नाही घेतली तर तुझी. मग काय काळं करायचं ते कर."

"शब्द?"

"ब्राह्मणाचा."

"तो नको. लिहून द्या," मयुरेश म्हणाला. बापाने वैतागत लिहून दिलं.

पेठ रोडवरचा गॅरेजवाला गोरक्ष मूळचा सिन्नरचा. आयुष्यात त्याने दोनच जातीची गिऱ्हाइकं पाहिली होती, काम सांगून करून घेणारी आणि झाल्यावर सांगणारी. गुरुजींसाठी त्याला तिसरा रकाना उघडावा लागला: स्क्रूची वंशावळ विचारणारी. पण काम तो जीव लावून करायचा. हिरवा रंग खरवडून पत्रा उघडा झाला, भोंगा निघाला, सीटचं कापड जुन्या फोटोवरून विणून आलं. राहिलं छताचं भोक.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," गोरक्ष म्हणाला. "लय सुबक कापलंय. कारखान्यात बी असं नाय कापत कोणी."

"कारखान्यात कापलं नाही, हीच अडचण आहे. बुजव."

मंगळवारी दुपारी गोरक्षने त्या मापाचा पत्रा कापला, भोकात बसवला आणि वेल्डिंगने शिवून टाकला. शनिवारी पांढरा रंग चढायचा होता.

मंगळवारीच संध्याकाळी यशश्रीचा फोन आला. "काका, गुरुवारी बाबांची तिथी. मी येतेय, आरोहीला घेऊन. सहा वर्षांची झाली ती. बाबांच्या गाडीत छतातून उभं राहायचंय म्हणून आठ दिवस नाचतेय घरभर."

"हो हो, या ना," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवून ओटीवर बसले.

"कोण होतं?" इंदिराबाईंनी आतून विचारलं.

"कोठावळ्यांची यशश्री. गुरुवारी येतेय. लेकीला छतातून उभं करायचंय तिला."

इंदिराबाई हात पुसत बाहेर आल्या. "आणि तुम्ही आजच..."

"गाडी घोटीला गेलीय म्हणून सांगतो."

"घोटीला? भात आणायला?"

"कामाला गेलीय म्हणतो."

"म्हणा ना. बोटात दर्भाचं पवित्रक असेल तेव्हाच म्हणा, म्हणजे जीवनरावांनाही ऐकू जाईल."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून गुरुजींनी गुरुवारसाठी कोठावळ्यांची वही काढली आणि पान शोधून ठेवायला बसले. वही वाचायची त्यांची एक रीत होती, वडिलांकडून आलेली: नाव, गोत्र, गाव, तिथी. बोट त्या चार गोष्टींवर थांबायचं. यजमान त्यापुढे काहीबाही लिहीत, कोणी पावसाचं, कोणी रस्त्याचं, कोणी भावाच्या तक्रारी. ते वाचायला वेळ कोणाला होता? नव्व्याण्णव सालचं जीवनरावांचं पान गुरुजींनी निदान तीनदा उघडलं असेल. ते पान भरलं त्या दिवशी वहीवर गुरुजींचे वडील बसले होते. गुरुजी स्वतः त्र्यंबकला गेलेले. आज बोट थांबलं तिथून ते पुढे वाचत गेले.

'बाबांच्या अस्थी घेऊन त्यांच्याच गाडीने आलो. यशूसाठी छताला झरोका पाडला तेव्हापासून अडीच वर्षे बाबा माझ्याशी बोलले नाहीत. गाडी विद्रूप केलीस म्हणाले, तेच शेवटचे. आज इंदूरपासून यशू झरोक्यात उभी राहून कलशाला रस्ता सांगत आली. आजोबा, पूल आला. आजोबा, घाट आला. बाबा तिचे सगळे ऐकत आले असतील असे वाटते.'

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. गाडीचं कुळ काढायला त्यांनी मालेगाव पालथं घातलं होतं, अनोळखी माणसांना पत्रं लिहिली होती. आणि ते घरातच होतं, त्यांच्याच वहीत, लाल कापडात. या वहीत एखाद्याने तिथी चुकीची लिहिली तरी गुरुजींच्या घरात कोणी ती खोडत नसे. यजमानाचं अक्षर यजमानाचं.

रात्री ते नीट जेवले नाहीत. इंदिराबाईंनी घोटीचं नाव पुन्हा काढलं नाही.

गुरुवारी श्राद्ध झालं. यशश्री शांतपणे गुरुजी सांगतील तसं करत होती, शेजारी आरोही फ्रॉक सावरत बसली होती आणि मधूनच, "आता गाडी?" असं विचारत होती. शेवटी गुरुजींनी वही उघडली आणि नावं वाचली. या खेपेला ते नावांवर थांबले नाहीत. सगळं वाचलं.

यशश्रीने डोळे पुसले. "मला आठवतंय ते. घसा बसला होता माझा, ओरडून ओरडून."

"ताई," गुरुजी म्हणाले, "मी तो झरोका बुजवला. परवा."

घाटावर कोणीतरी बादली आपटली.

"गाडी मूळची करायची होती. प्रदर्शनासाठी. तुमचा फोन यायच्या आधी." मग त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. "आधी आला असता तरी बहुतेक बुजवलाच असता. हे वाचलं नव्हतं मी."

यशश्री अर्धवट हसली. "म्हणजे आजोबांना हवं होतं ते पोचलं. सव्वीस वर्षं वाट बघत असतील." आणि थोड्या वेळाने, पदराशी चाळा करत, "बाबांना नाही पोचलं."

गुरुजींनी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगून शांत केलं होतं, की पोचलं, सगळं पोचलं. आज तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना. ते उठले.

"चला," म्हणाले. "गॅरेजला जाऊ."

मयुरेशने सुट्टी काढली होती. तोच सगळ्यांना घेऊन गेला. गाडी उघड्या पत्र्याची, राखाडी, छतावर वेल्डिंगची काळपट शिवण. आरोही मागच्या सीटवर चढली, डोकं छताला लावलं आणि म्हणाली, "इथे तर बंद आहे." रडली नाही. आईकडे बघितलं फक्त. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"गोरक्ष, पत्रा काढ," गुरुजी म्हणाले.

"परवा तर बसवला."

"काढ म्हणतोय ना."

गोरक्षने शिवणीवरून अंगठा फिरवला. "काढतो. पण आधीच सांगतो गुरुजी, कोठावळे शेठनी पाडलेलं व्हतं ते आता व्हायचं नाय. टाक्यांच्या आतून कापलं तर बोटभर ल्हान व्हतंय, भाईरून कापलं तर बोटभर मोठं. बरोब्बर तेवढं कोणाच्या बापाला जमायचं नाय. कसं कापू?"

गुरुजींनी यशश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, "गाडी तुमची आहे, काका. दिली ती दिली."

"माझी नाही," गुरुजी म्हणाले. "भोकाची गाडी मूळच्या रांगेत घेत नाहीत. लिहून दिलंय मी." त्यांनी मयुरेशकडे हात केला. "याची आहे. गोरक्ष, याला विचार."

मयुरेशला हे अपेक्षित नव्हतं. दीड वर्ष ज्याच्यासाठी भांडलो, ते असं समोरच्याने हातात आणून ठेवलं की माणूस जरा बावचळतो. त्याने खिशातून मोबाइल काढला, परत ठेवला. गाडीभोवती एक फेरी मारली. मग आरोहीला सीटवर सरळ उभं राहायला सांगितलं आणि तिच्या दोन्ही खांद्यांना हात लावून अंदाज घेतला.

"बाहेरून काप," तो गोरक्षला म्हणाला. "पुढच्या तिथीला येईल तेव्हा वाढलेली असेल."

गोरक्षने चष्मा चढवला. गुरुजींनी विचारलं, "आणि रंग?"

"काळा," मयुरेश म्हणाला. "शनिवारी."

"मॅट?"

"मॅट."

गुरुजींनी मान हलवली. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी आरोहीच्या कानांवरून गुंडाळलं, कारण ग्राइंडरचा आवाज मोठा होता आणि पोरगी तिथून हलायला तयार नव्हती.