सुखरूपतेची मिस्सा

"आमच्या मंडळाबद्दल कुठे बोलू नकोस, आई," क्रिस्पुलोने बजावलं.

"मला काय नदीवरच्या बायकांच्या गप्पांची सवय आहे?" बासिलिसा म्हणाली.

"नाही. त्यांना तुझ्या गप्पांची आहे."

ती हसली, पण काळजी जाईना. गावातली पाच-सहा शिकलेली पोरं इथे राज्य करणाऱ्या स्पेनच्या राणीला अर्ज धाडणार होती: आमच्या शाळेत स्पॅनिश शिकवा, तुमच्या संसदेत आमचाही माणूस बसू द्या. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. तरी असाच अर्ज करणाऱ्या शेजारगावच्या मास्तराला शिपायांनी नेलं, ते परत आणलंच नाही. आणि क्रिस्पुलो तिचा एकुलता एक.

लेक समुद्रावर निघाला, की बुलाकान प्रांतातली आई त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, सांगते. मग एवढ्या मोठ्या कामाला निघालेल्यासाठी का नको? एक कोंबडी काखोटीला मारून ती गावच्या स्पॅनिश पाद्रीबाबांकडे गेली.

"कशासाठी मिस्सा?"

"पोरांसाठी, बाबा. राणीसाहेबांना अर्ज करतायत. सगळं सुखरूप पार पडू दे."

पाद्रीबाबांनी कागद पुढे ओढला. मग मायेने म्हणाले, "सगळ्यांची नावं सांग. देवापुढे एकही राहायला नको."

तिने सांगितली. देव काही परका नव्हे.

रविवारी पाद्रीबाबांनी वेदीवरून नावं उच्चारली. पहिलं क्रिस्पुलोचं. बासिलिसाने अभिमानाने पुरुषांच्या बाजूला पाहिलं. त्याचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा पडला होता. दुसरं नाव आलं, तिसरं आलं. ज्याचं नाव येई, त्याच्यापासून आजूबाजूची माणसं हळूच सरकत होती. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

मिस्सा संपली, दार उघडलं. बाहेर शिपाई रांगेत उभे होते.

ती वेदीकडे धावली. "बाबा, तुम्ही तर आशीर्वाद दिलात."

"दिला ना. अगदी मनापासून दिला." त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला, आणि काही कळायच्या आत तिने वाकून त्याचं चुंबन घेतलं. जन्मभराची सवय.

ती बाहेर आली तेव्हा पोरांना कोपरापाशी बांधून नदीकडे चालवलं होतं. क्रिस्पुलोने एकदा मागे वळून पाहिलं. तिला हाक मारायची होती. पण त्याचं नाव काही केल्या तिच्या तोंडून निघेना.