रोगट वाफ्याची तब्येत

कापूस संशोधन केंद्रातल्या बाईंनी वाफ्याच्या कडेला उभं राहून आधी डोळे चोळले, मग चष्मा पुसला, आणि मग त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. कापसाचं एकही झाड मेलं नव्हतं.

दुसऱ्या कुणालाही आनंद झाला असता. पण हा वाफा बाईंनी सात वर्षं मुद्दाम आजारी ठेवला होता. मर रोगाने गेलेल्या झाडांची मुळं चिरून मातीत मिसळायची, बुरशी पोसायची. तिथे जगेल तोच वाण खरा. यंदा बाईंच्या स्वतःच्या वाणाची, अकरा वर्षांच्या खटाटोपाची, शेवटची परीक्षा होती. मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. शेजारच्या ओळीतला नाजूक वाण दरवर्षी महिनाभरात माना टाकायचा. आज तोही टुणटुणीत!

"काका, इकडे या! काय घातलंत यात?"

काका म्हणजे तिथले जुने माळी. ते हसतच आले. "बुरशीच्या औषधाचं पाणी सोडलं. तीनदा. दरवर्षी झाडं मरतात, तुम्ही तोंड पाडून वही लिहीत बसता. म्हटलं, शेवटच्या वर्षी तरी बाईंना बरं वाटू दे."

"अहो, ती मरायलाच हवी होती!"

"सगळी?"

"माझी सोडून!" बाईंनी कपाळावर हात मारला. सात वर्षं त्यांनी काकांना 'या वाफ्यात हात घालू नका' एवढंच दरडावलं होतं. का, ते एकदाही सांगितलं नव्हतं. आता राग काढायचा तरी कुणावर?

तेवढ्यात केंद्राच्या साहेबांचा फोन आला. "अभिनंदन! सगळी जगली म्हणे. द्या अहवाल पाठवून, बियाणं वाटायला घेऊ."

बाईंनी आपल्या ओळीकडे पाहिलं. वाण खरंच चांगला असेलही. एका सहीचं काम, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"साहेब, परीक्षा झालीच नाही," त्या वैतागून म्हणाल्या. "इथे मरणारा वाणही जगलाय. बियाणं कपाटात आहे. माझ्या जागी येईल तो पुन्हा लावून बघेल."

"आता काय करायचं?" काकांनी ओशाळून विचारलं.

"उपटायचं. ही माती बदलून पुन्हा रोग भरायला दोन-तीन वर्षं लागतील. आजच सुरुवात करू. आणि का करायचं, तेही नीट सांगते."

बाईंनी आपल्याच ओळीतलं पहिलं झाड दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावला. निघेना. पुन्हा लावला. मुळं इतकी धडधाकट होती की शेवटी काकांनाही हात लावावा लागला.