चिरगळ्याचा खडक

हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याची मला काळजी वाटते. सलूनच्या खुर्चीत, तोंडाला फेस लावून घेता घेता मी सलूनवाल्यालाही आधीच तसं बजावलं, मग सुरुवात केली.

बंदरासमोरचा तो काळा खडक, चिरगळ्याचा खडक म्हणतात तो, माझ्या नावाचा आहे. आमच्या वेळी रीतच होती. ज्या कप्तानाचं जहाज खडकावर फुटेल, त्याचं नाव नकाशात त्या खडकाला. आमच्या कप्तानाच्या सासऱ्याच्या नावाचं भूशिर होतं, थोरल्या भावाच्या नावाचं आख्खं बेट. त्याची बायको जेवताना विचारायची, "तुमच्या नावाचं एखादं डबकं तरी आहे का हो?" एके दिवशी तो भरल्या ताटावरून उठला आणि तडक जहाजावर आला. समुद्रात पोचताच, चाक माझ्या हातात बघून मला म्हणाला, "सुकाणू खडकाकडे वळव."

"कप्तान, खाली माणसं झोपलीत."

"मग उठतील."

त्याचा मेहुणा चाकाला हात घालून मध्ये पडला. "दाजी, ताईचा राग आमच्यावर कशाला काढताय?"

दाजींनी कुऱ्हाड घातली. मेहुण्याची चार बोटं चाकावरच राहिली. क्षणभर तो त्या बोटांकडे बघत बसला, मग उरलेल्या हाताने साखळी फिरवून त्याने दाजींचे पुढचे दात पाडले. दाजींनी त्याला उचलून कठड्यापलीकडे फेकलं. पडता पडता त्याने शिव्याही अशा दिल्या, की स्वतःच्याच बहिणीला लागाव्यात.

मग कप्तान माझ्याकडे वळला. मी चाक सोडेना. त्याने मासे चिरायचा सुरा काढला आणि माझा गळा या कानापासून त्या कानापर्यंत उघडला. एका हाताने मी मुंडकं सावरलं, दुसऱ्याने त्याचा पट्टा धरून त्याला पाण्यात भिरकावलं. चाक धरायला तिसरा हात नव्हता. जहाज खडकावर फुटलं.

तेव्हा जहाजावर कप्तान कोण? मीच. नकाशावाल्यांनी माझ्या गळ्याकडे बघून नाव लिहिलं. तो बिचारा जिवानिशी गेला आणि डबकंही मिळालं नाही.

सलूनवाल्याने माझी हनुवटी वर केली. वस्तरा थांबला.

"काका, थापा मारताय. इतकी वर्षं मी तुमची दाढी करतोय. या गळ्यावर एकच चीर आहे, आणि ती आत्ता तुम्ही मुंडकं सावरून दाखवलंत तेव्हा वस्तरा लागून पडली."