कमानीखालचा कागद

"हात लावू नका. ओढ बसली की वीण तिरकी होते."

टाकीवाल्यांनी हात मागे घेतले. टेबलावर काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड पसरलं होतं आणि त्यांची बायको त्यावर खडूने रेघ मारत होती. तिला सगळी गल्ली शिलाईबाई म्हणायची. लोकांचे कोट आणि झगे बेतण्यात तिचा जन्म गेला होता, पण लाकडाच्या दोन लांब पट्ट्यांसाठी कापड बेतण्याची ही पहिलीच वेळ. कात्री सरळ चालली. कडेचा एकही धागा सुटला नाही.

"तुमच्या टाक्यांसाठी पण मीच कापड कापायला हवं होतं," शिलाईबाई म्हणाल्या.

"टाकीला कोण बघतंय? गळायची थांबली की झालं."

फायबरच्या तडकलेल्या पाण्याच्या टाक्या सांधणं हा टाकीवाल्यांचा धंदा. आता तो बंद करून ते घरी बसले होते, आणि बायकोला तिच्या मापाच्या स्की, म्हणजे बर्फावरून घसरत चालायच्या पट्ट्या, करून द्यायचा जुना शब्द पुरा करत होते. घराच्या मागे तळं होतं. हिवाळ्यात ते गोठलं की दोघं स्की घालून पलीकडच्या टेकडीपर्यंत जात. टाकीवाले टेकडी चढत. शिलाईबाई खाली उभ्या राहत, कारण त्यांच्या स्की चढावर मागे घसरत. त्या स्की थोरल्या बहिणीच्या होत्या, आणि बहीण अंगाने दणकट. त्याआधी कुणा शेजारणीच्या होत्या. साऱ्या गावाला मापाचे कपडे शिवणाऱ्या बाईला स्वतःच्या मापाच्या स्की कधी मिळाल्या नव्हत्या.

स्की मधोमध जराशी कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर भार असताना ती कमान वर राहायला हवी, म्हणजे घसरता येतं. चढावर एका पायावर सगळा भार आला की ती दबून बर्फाला टेकायला हवी, म्हणजे मधल्या भागाला चोपडलेलं मेण बर्फ धरतं. कमान किती ताठ करायची ते घालणाऱ्याच्या वजनावर ठरतं.

"वजन सांग परत," टाकीवाले म्हणाले.

"सांगितलं की. अठ्ठावन्न."

"काट्यावर उभी राहून सांग."

"गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास नाही वाटतं?"

दारात शिलाईबाईंचा धाकटा भाऊ थर चिकटवायच्या रेझिनची वाटी घेऊन उभा होता. तो बस चालवायचा आणि सुटीच्या दिवशी भावोजींची थट्टा करायला यायचा. आत्ताच त्याचं, "भावोजी, टाकीसारखी ही पण गळणार नाही ना?" असं विचारून झालं होतं, आणि "गळली तर तुझ्या बसला लावू," असं उत्तरही ऐकून झालं होतं. पण वजनाचा विषय निघाल्यावर तो वाटीतलं रेझिन ढवळू लागला. ते आधीच चांगलं ढवळून झालं होतं.

कमान दिलेल्या साच्यावर खाली कापड, त्यावर लाकडाचा गाभा, त्यावर पुन्हा कापड, आणि मधल्या भागावर ताठपणासाठी काळ्याभोर कार्बनची एक पट्टी. प्रत्येक थराला रेझिन पाजून टाकीवाल्यांनी सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं आणि जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून आतली हवा ओढली. पिशवी आक्रसत गेली आणि स्कीला घट्ट चिकटली.

"अगदी अंगाबरोबर बसली," शिलाईबाई म्हणाल्या.

स्की वाळल्या, कडा तासल्या, तळ घासून गुळगुळीत झाला, बुटांच्या पट्ट्या बसल्या. मग एका सकाळी टाकीवाल्यांनी बैठकीच्या खोलीतलं जाजम गुंडाळलं, जोडी फरशीवर ठेवली आणि बायकोला वर उभं केलं. स्वतः गुडघे टेकून बसले. उजव्या स्कीच्या कमानीखालून त्यांनी एक कागद सरकवला. कागद सहज गेला. जायलाच हवा होता.

"आता उजव्या पायावर. सगळा भार दे."

शिलाईबाई एका पायावर आल्या. आता कागद अडकायला हवा होता. टाकीवाल्यांनी ओढला आणि तो सुळकन बाहेर आला.

"नीट उभी राहा."

"नीटच आहे."

पुन्हा तेच. टाकीवाल्यांना वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं. रेझिन जास्त झालं असेल, नाहीतर कार्बनची पट्टी लांब पडली असेल. त्यांनी तिला उतरवलं, शेडमधून रेझिनचे भरलेले डबे आणले, काट्यावर तोलले आणि एकेक करून स्कीवर चढवले. अठ्ठावन्न भरले तेव्हा कागद अडकला. ना एक किलो आधी, ना एक किलो नंतर. इतकं नेमकं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं.

ते खालीच बसून राहिले. शिलाईबाई समोर उभ्या होत्या आणि त्यांच्या झग्याची बाजूची शिवण टाकीवाल्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती चिमटीत धरली. आत कापडाची जाड घडी हाताला लागली.

"किती?"

"काय किती?"

"खरं किती आहे?"

शिलाईबाई खुर्चीवर बसल्या. "सत्तेचाळीस. दवाखान्यातल्या काट्यावर."

"एकटी गेलीस?"

"भाऊ होता. त्याला शपथ घातली होती मी. त्याला काही बोलू नका, बिचाऱ्याला जेवण गोड लागत नव्हतं."

"माप देताना पोट आत घेणाऱ्या गिऱ्हाइकांना तू काय काय बोलतेस, ते मी रोज ऐकतो."

"हो."

"आणि स्वतः?"

"तुम्ही एवढ्या हौसेने घाट घातला होता. म्हटलं, स्की तयार होईपर्यंत भरून निघेल." मग त्या म्हणाल्या, "नाही निघालं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गोळ्या चालू केल्यात. वजन आता इथे थांबलं पाहिजे म्हणतात. थांबलं की वाढेल."

"आणि नाही थांबलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा सांगतो म्हणाले."

टाकीवाले उठले आणि शिवणाच्या खोलीत गेले. कपाटातला एकेक झगा त्यांनी उलटा करून पाहिला. सगळ्यांना आतून घडी होती, काहींना दोन. प्रत्येक टाका सरळ, एकसारखा. म्हणून तर त्यांना काही दिसलं नव्हतं. रोज समोर वावरणाऱ्या बाईचे कपडे रोज तिच्या अंगाला नीट बसत होते.

"कापलेलं नाही हं मी," दारातून आवाज आला. "एकही नाही."

"का?"

"जास्तीचं कापड कापायचं नसतं. आत दुमडून ठेवायचं. उसवलं की परत सैल."

टाकीवाल्यांनी झगा सुलटा करून हँगरला लावला. खांदे नीट बसेनात म्हणून दोनदा लावला.

"मी नवी जोडी करतो. तुझ्या आत्ताच्या वजनाची."

"तोवर बर्फ राहील का? पागोळ्या बघा बाहेर. आहे हीच घासून पातळ करा, कमान मऊ होईल."

"घासलेलं परत येत नाही. तुझ्या कापडासारखं नाही ते."

"टाकीची भिंत पातळ झाली तर काय करता?"

"वरून एक थर चढवतो."

"मग?"

टाकीवाल्यांनी पॉलिश पेपर शोधायला घेतला.

शेडमध्ये काम सुरू झालं तेव्हा भाऊ आला. घासली जाणारी काळी पट्टी त्याने पाहिली. तोंडाला फडकं बांधून दाराशी बसलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"सांगितलंस?"

"सांगावं लागलं नाही."

"भावोजी, मी सांगणार होतो, पण ताईने..."

"ती बादली घे," टाकीवाले मान वर न करता म्हणाले. "पाणी मारत राहा. कार्बनची बारीक धूळ आहे, तिच्या नाकात जाईल."

भावाने बादली घेतली आणि त्यानंतर त्याच्या हातचं पाणी एकदाही थांबलं नाही.

थोडं घासायचं, पुसायचं, बायकोला वर उभं करायचं, कागद ओढायचा. तोल जायचा म्हणून शिलाईबाई नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवत.

"हात काढ. माप चुकतं."

"काढला तर पडेन."

"मी आहे की खाली."

"म्हणजे तुमच्यावर पडू? अकरा किलो कमी झाले असले तरी लागेल हो तुम्हाला."

भाऊ हसला आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळला. शिलाईबाई मात्र हसतच राहिल्या. त्यांनी हात काढला. टाकीवाल्यांनी कागद ओढला. तो हलला नाही. त्यांनी आणखी जोर लावला तेव्हा कोपरा फाटून त्यांच्या चिमटीत आला.

"धरला?"

"धरला."

"मग उठा आता."

"उठतो. गुडघा धरलाय जरा," असं म्हणून टाकीवाले बराच वेळ खालीच राहिले.

डावी स्की उरकून, मेण लावून ते तळ्यावर गेले तेव्हा काठाचा बर्फ मऊ झाला होता, पण टेकडीवर रात्रीचा नवा थर होता. भाऊ खाली थांबला. शिलाईबाई चढाच्या पायथ्याशी आल्या आणि सवयीने थांबल्या. मग एक पाऊल टाकलं, त्यावर भार दिला. स्की मागे आली नाही. दुसरं टाकलं. तीही आली नाही.

"ताई, सांभाळून! ब्रेक आहे का त्याला?" भाऊ ओरडला.

"चढावर ब्रेक कशाला लागतो रे?" त्या मागे न बघता म्हणाल्या, आणि चालत राहिल्या. मधूनच दम खायला थांबत, पण जिथे थांबत तिथेच उभ्या राहत.

टाकीवाले मागून निघाले. समोर बर्फात बायकोच्या स्कीच्या दोन रेषा उमटल्या होत्या, इतक्या उथळ की तिरप्या उन्हामुळेच दिसत होत्या. आपली स्की त्यांवरून गेली की त्या राहणार नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. ते हातभर बाजूला सरले आणि कोऱ्या बर्फातून, त्या रेषांच्या शेजारून चढू लागले.