केसाएवढी फट

कल्पनाने घरी आणलेला प्रोब, म्हणजे मोजणीची सळई, भिंगाखाली धरला आणि ती बघतच राहिली. दोन वर्षं तो प्रयोगशाळेच्या यंत्रात, तप्त प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, कडेला बसवलेला होता. केसाएवढ्या फटीतून येणाऱ्या आयनांची ऊर्जा तो मोजायचा आणि त्या आकड्यांवरच तिचा प्रबंध उभा होता. आता फटीच्या कडा वितळून ती गव्हाएवढी झाली होती.

भुकूम गावातली तिची घरमालकीण साळूबाई शेजारीच पीठ चाळत होती. कल्पनाच्या प्रबंधासाठी तिने सोळा सोमवार केले होते. आज उद्यापनाचा चुरमा होता.

"काय झालं गं?"

"चाळण फाटलीय, मावशी. नको ते सगळं आत आलंय."

"कवा फाटली?"

"तेच कळत नाही, म्हणून कुठले आकडे खरे तेही सांगता येत नाही. प्रोब काढायचा म्हणजे यंत्र आठवडाभर बंद. दिवस वाचवायला मी मधे एकदाही काढून पाहिला नाही."

"मंग घे की परत मोजून."

"यंत्रच मोडीत काढलंय प्रयोगशाळेनं."

"मंग म्हादेवाला आता काय मागू?"

साळूबाईने आपली चाळण उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि खाली मान घालून उरलेलं पीठ चाळायला घेतलं.