टेबल धुवावं लागतं

हातमोजे दोन – एकावर एक. वरचा चढवताना रबर चटकन वाजतं, आणि सिस्टर टेबलावर बसलेल्या तिच्याकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे बघते... सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच ती नंबर लावायला आली होती. पहिली. मग बायका एकेक करून आत गेल्या, तांबी बसवून पोट धरत बाहेर आल्या, आणि ती आपली बाकावरच – कारण इथे एचआयव्हीवालीचा नंबर शेवटी.

"शेवटी का हो, सिस्टर?"

"नंतर टेबल धुवावं लागतं."

म्हणजे बाकीच्यांनंतर धुवत नाही? हे ओठांपर्यंत आलं, आणि तिने गिळलं. गिळण्याची सवयच आहे मला. गोळी रोज गिळते. त्या गोळीने रक्तातला विषाणू इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही – हे याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मूल हवं तर होऊ द्या, सध्या नको तर तांबी बसवा, तुमची मर्जी. मर्जी वरच्या मजल्यावर राहते. जिना उतरला की संपली.

"तांबीबिंबी नको तुम्हाला," सिस्टर म्हणाली. "ऑपरेशन करून टाका. एक मुलगी आहे ना? बास झालं की."

"मला बंद नाही करायचं. थांबायचंय."

"थांबून काय करणार? तुमच्यासारख्यांनी..." आणि वाक्य तसंच उघडं टाकलं, पुढचं हिनेच पूर्ण करावं म्हणून.

कारखान्यात ती शर्टांना काजं करते. कच्चा टाका उसवता येतो, काज कापलं की कापलं – मास्तर नवख्या पोरीला पहिल्याच दिवशी दटावून सांगतात, खूण केल्याशिवाय कात्री लावशील तर याद राख... कापडाला एवढं जपतात. कापडाला!

दारातून नवऱ्याने डोकं आत घातलं. "अगं, एवढं म्हणतायत तर करून टाक ना. कटकट मिटेल."

कटकट. आजार दोघांना तोच, गोळ्या त्याच. पण त्याला कधी कोणी टेबलावर झोप म्हणालं नाही.

"मग तू कर," ती म्हणाली. "पुरुषांचं तर बिनटाक्याचं असतं म्हणे."

तो हसला. ती हसत नाहीये हे दिसल्यावर थांबला. "कायतरीच तुझं!" – आणि डोकं बाहेर.

"ऑपरेशन नाही तर उठा बाई," सिस्टर म्हणाली. "मला बंद करायचंय."

ती उठली नाही. कान तापले होते, आणि त्या तापात काहीतरी सरकत होतं – सकाळी ती इथे मूल नको म्हणून आली होती, खरंच नको म्हणून. 'नंतर' म्हणजे नुसती एक रिकामी जागा होती, कधी निरखून पाहिलेलीही नाही. आणि आता ही बाई त्या जागेला कुलूप घालायला निघाली, तर आत कोणीतरी आहे... लहान, जावळ असलेलं, माझं. हवंय मला ते. आत्ता नाही – पण हवंय. हे कळायला हिला यावं लागलं, दोन-दोन मोजे घालून! सिस्टरने दिवा घालवला. राग त्या अंधारात टक्क जागा होता, आणि त्याच्या कुशीतली ही नवी, नको असताना लागलेली ओढ – ती कोणाला सांगायची, हे तिला समजेना.