वझ्यांच्या गॅलरीतली खारफुटी

डोंबिवली पूर्वेला मंदार सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हरिहर वझे राहतात. त्यांच्या गॅलरीत खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी आहे. तिच्यात सहा मासे आणि खारफुटीची चार रोपं आहेत. कोलशेतच्या कंपनीतून निवृत्त झाले त्या दिवशी वझ्यांनी खाडीकाठी वाहून आलेल्या पाच शेंगा उचलून आणल्या होत्या. शेंगा शेवग्यासारख्या दिसतात. पाचवी त्यांच्या पत्नीने, सरोजताईंनी, आमटीसाठी चिरली.

टाकीला दिवा नाही. गॅलरी दक्षिणेला असल्यामुळे साडेनऊ ते दोन ऊन येतं आणि तेवढ्यावर रोपांनी चौदा महिने काढले. आता मुळं पाण्यात आणि पानं ग्रिलबाहेर आहेत.

ही पानं सोसायटीचे सेक्रेटरी धम्मपाल रोकडे यांनी खाली स्कूटर लावताना पाहिली. रोकडे बँकेत आहेत आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. खारफुटीपासून पन्नास मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते, हे त्यांनी वाचलं होतं. सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरत आलं होतं. रविवारी कमिटीने टेप लावून मोजलं. पन्नास मीटरमध्ये आख्खी इमारत बसली, शिवाय शेजारची पिठाची गिरणी आणि अर्धं गणपतीचं देऊळ.

तातडीची सभा झाली. रोपं उपटा, असं सर्वांचं म्हणणं पडलं. वझे म्हणाले की खारफुटी तोडणं गुन्हा आहे, तेव्हा तोडायला कोण सांगतंय त्याचं नाव इतिवृत्तात लिहावं. नाव कोणी दिलं नाही. गुरुवारी बिल्डरचा आर्किटेक्ट मोजमापाला येणार होता. टाकी उचलली जाण्यासारखी नव्हती. शेवटी गॅलरीला चादर लावायचं ठरलं. एका दिवसाचं ऊन बुडेल, म्हणून वझे नाराज होते.

आर्किटेक्ट साकेत साडेदहाला आला. गॅलरीही मोजायची होती, म्हणून त्याने चादर बाजूला केली. रोकडे मध्ये उभे राहिले, पण पानं त्यांच्या खांद्यावरून दिसत होती.

"कांदळ ना ही?" साकेत म्हणाला. "मस्त वाढलीये."

रोकड्यांनी घसा खाकरून पन्नास मीटरचं विचारलं.

"ते खाडीकाठचं असतं, सर. माशांच्या टाकीचं नाही." हे तो न हसता म्हणाला.

रोकडे खुर्चीत बसले. सरोजताईंनी चहा टाकला. बिल्डरला चोवीसही सभासदांच्या सह्या हव्या होत्या, तेवीस झाल्या होत्या. संमतीपत्र वझ्यांच्या पुढ्यात आलं. वझ्यांनी पेन उघडलं आणि नव्या इमारतीत आपली गॅलरी कुठल्या दिशेला, असं साकेतला विचारलं. साकेतने मोबाईलवर नकाशा दाखवला. उत्तर. समोर वीस फुटांवर दुसरी इमारत. ऊन नाही.

"लाईट लावा की, काका."

वझ्यांनी पेन बंद केलं.

"वझेकाका, चार रोपांसाठी तेवीस बिऱ्हाडं?" रोकडे म्हणाले. त्यांच्या स्वयंपाकघराचं छत दोन वर्षं गळत होतं.

"तीन तास ऊन, रोकडे. रोज. मग कुठेही सही करतो."

साकेतने बोटाने नकाशा मोठा केला. त्या मजल्यावर दक्षिणेची गॅलरी एकच होती. ती कोणाला दिली आहे, हे त्याने मोठ्याने वाचलं नाही, नुसतं रोकड्यांकडे पाहिलं. रोकड्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं. मग घरी फोन करून पत्नीशी, वैशालीताईंशी, जिन्यात दहा मिनिटं बोलले. परत आले तेव्हा चहावर साय आली होती.

"घ्या माझी," ते म्हणाले. "पण उन्हाळ्यात पापड वाळवायला वैशाली तुमच्याकडे येणार. रोज."

सरोजताई हो म्हणाल्या. साकेतने दोन फ्लॅटची अदलाबदल लिहून घेतली आणि वझ्यांनी सही केली. उठता उठता रोकड्यांनी विचारलं, उत्तरेच्या गॅलरीत नेमकं काय येतं?

वझ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"शेवाळ," ते म्हणाले. "फार छान येतं."